परीक्षा चालू होती

माझी सॅक अजून हॉट प्रेसमध्येच आहे. गरम पाण्याच्या टाकीभोवतीच्या कपाटाला आयर्लंडमध्ये हॉट प्रेस म्हणतात. मी राहते त्या एनिस गावच्या पावसात काही वाळायचं असेल तर तिथेच. जंगलातून परत आले त्या दुपारी ओली सॅक तिथे कोंबली, ती अजून काढलेली नाही. पट्ट्यांना लाल चिखल आहे आणि दार उघडलं की कुबट वास येतो.

पेरूच्या जंगलात पाठीवर सॅक टाकून बारा दिवस एकटीने भटकायचं, हे माझं जुनं खूळ. नागपूरला आईबाबांना सांगायची सोय नव्हती. चौतीस वर्षांची झाले तरी मी इथल्या डोंगरावर गेले की बाबांचे तासातासाला फोन यायचे. म्हणून थाप मारली, की डब्लिनला बारा दिवसांचं ट्रेनिंग आहे, फोन जमा करून घेतात आणि शेवटी परीक्षा आहे, तिच्यावर बढती.

परीक्षा हा शब्द मी विचार करून निवडला होता. बाबा शाळेत मास्तर होते. आमच्याकडे परीक्षा म्हटली की टीव्ही बंद, पाहुणे दारातूनच परत. माझ्या दहावीच्या वेळी मामा गेला, तेही मला भूगोलाचा पेपर झाल्यावर कळलं. तेव्हा मी घर डोक्यावर घेतलं होतं. आता तीच सवय मला कामी येणार होती, कुणी फोन करणार नव्हतं. केवढी हुशार मी.

जंगलाचं म्हणाल तर पाऊसच पाऊस. एनिसहून निघून पाऊस बघायला एवढ्या लांब गेले, असं स्वतःलाच चिडवत होते. झाडांना बांधलेल्या झुल्यात झोपायचं, सकाळी बुटातल्या मुंग्या झटकायच्या, वाटाड्यामागून गुडघाभर चिखलातून चालायचं. मजा आली, हे लिहिताना लाज वाटते, पण आली. सहाव्या दिवशी नदीकाठचं गाव लागलं. तिथल्या दुकानात नेटवर्क होतं. मी अधाशासारखा फोन उघडला. घरून एकही मिस्ड कॉल नव्हता, मेसेज नव्हता. माझा जीव भांड्यात पडला. तळलेलं केळं आणि मासा खाल्ला आणि होडीत बसून पुढे निघाले.

एनिसला पोचून ट्रेनिंग संपलं म्हणून फोन केला, तेव्हा आईने सगळं सांगितलं. मी गेल्याच्या चौथ्या दिवशी बाबांना अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, पण बोलत होते. नवव्या दिवशी दुसरा झटका आला आणि वाचा गेली. मधले पाच दिवस ते बोलत होते. सहाव्या दिवशी त्या दुकानातूनच निघाले असते तर मी त्यांना बोलते असताना गाठलं असतं.

मी ओरडले, मला कळवलं का नाही?

"तुझी परीक्षा चालू होती न, बाप्पा," आई म्हणाली. "तुझे बाबाच म्हणाले, तिचा पेपर होऊन जाऊ दे, मग सांगा."

नागपूरला थेट हॉस्पिटलमध्ये गेले. माझ्या हातांवर डास चावल्याचे फोड होते. डब्लिनला एवढे डास कसे, हेही कुणी विचारलं नाही. आईच्या हातात पेढ्यांचा पुडा होता. "आधी पास झाल्याचा पेढा दे त्यांना. नुसता कण जिभेवर ठेव."

बाबांनी डाव्या हाताने हवेत लिहिल्यासारखं केलं आणि भुवया उंचावल्या.

"चांगला गेला पेपर, बाबा."

त्यांच्या चेहऱ्याची चालणारी बाजू हसली. मी कण ठेवला. त्यांना तो गिळता येईना, गालाच्या कोपऱ्यात तसाच राहिला. शेवटी मी बोटाने काढून घेतला.

आठ दिवसांनी ते गेले. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आई सांगायची, पोरगी पास झाली, तिच्या हातचा पेढा खाऊन गेले. मी शेजारी बसून मान हलवायचे. तिला खरं सांगायचं माझं धाडस झालं नाही, अजूनही होत नाही.

पुढच्या महिन्यात ती तीन महिन्यांसाठी माझ्याकडे येते आहे. आल्या आल्या ती घरातली सगळी कपाटं उघडून आवरायला घेईल. त्याआधी सॅक काढायला हवी.