संकेतस्थळाचे बारसे

इंटरनेट जालन्यात नुकतेच पोचले होते. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करून मी जुन्या जालन्यात परतले आणि आमच्या बियाण्यांच्या दुकानात वडिलांशेजारची खुर्ची मागितली. दुकानाच्या पाटीवर आजोबांचे पूर्ण नाव होते, शेवटी 'ॲण्ड सन्स'. त्या शेपटात माझी सोय नव्हती. वडिलांनी अट घातली, "आधी ती वेबसाइट उभी करून दाखव. मंग खुर्ची."

वेबसाइटचा आरंभ नावापासून. मी निकष ठरवले : नाव आखूड असावे आणि फोनवर एकदा ऐकून बिनचूक लिहिता यावे. गिऱ्हाइकांच्या हाती कागद-पेन्सिल देऊन मी नावे पुकारली. पाटीवरचे नाव इंग्रजीत लिहिताना कुंभार पिंपळगावच्या एका गुरुजींचा कागद संपला. पेरणीशी नाते सांगणारा माझा पाच अक्षरी शब्द मात्र सर्वांनी पहिल्याच दमात उतरवला. निष्कर्ष स्पष्ट होता.

तेवढ्यात केदारखेड्याहून आत्या आली.

"नाव ठेवून राह्यले, अन् आत्याला इचारलं न्हाई? गुरुवारचा मुहूर्त बराबर हाय. नाव आमच्या बापाचं, पाटीवर हाय तेच."

मी समजावले, की ही नावे जो आधी नोंदवेल त्याची होतात. निदान नोंदणी तरी आज करू.

"बारशाआधी दाखल्यावर नाव चढवतेत का, माय? अन् आपल्या बापाचं नाव कोन चोरून नेतंय?"

वडिलांनी बहिणीच्या बाजूने मान डोलावली. मी वाद थांबवला. वादापेक्षा प्रयोग श्रेष्ठ, हे मला प्रयोगशाळेने शिकवले होते.

गुरुवारी दुकानातल्या हिशेबाच्या संगणकाला हळदकुंकू लागले. त्याचा कान कोणता, यावर थोडी चर्चा झाली. अखेर आत्याने डाव्या स्पीकरशी तोंड नेऊन "कुर्र्र" केले आणि नाव असे पुकारले, की शेजारचा कापडवाला गज टाकून बाहेर आला. पेढे वाटले. समोरच्या बियाणेवाल्या काकांनी दोन खाल्ले आणि सहज विचारले, "इंग्रजीत कसं लिहितेत हे, बेटा?" मी त्यांना सुवाच्य अक्षरांत लिहून दिले, 'ॲण्ड सन्स'सकट.

चार वाजता आम्ही तिघे नोंदणीसाठी सायबर कॅफेत पोचलो. नाव गेलेले होते. नोंदीत मालक म्हणून काकांचे नाव झळकत होते.

"मेल्याला पेढा गिळायचा तरी धीर व्हता का!" आत्या मटकन बसली.

वडील पडद्यावरचे नाव पुन्हा पुन्हा वाचत होते. मी पर्समधून घडी केलेला कागद काढला. माझा पाच अक्षरी शब्द मी आठवड्यापूर्वीच मैत्रिणीच्या क्रेडिट कार्डावर पैसे भरून नोंदवला होता.

"म्हंजी तुला हे ठाऊक होतं?"

"गृहीतक होतं, बाबा. आज सिद्ध झालं."

"अन् त्याला नाव लिहून कोनी दिल्तं?"

"माझं अक्षर चांगलं आहे ना."

वडील आधी खोकले, मग त्यांना हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी दुकानात खुर्ची आली. आत्याने परतीची एसटी मुद्दाम चुकवली; नव्या नावाचे बारसे केल्याशिवाय ती हलणार नव्हती. या वेळी तिने स्पीकरला नाव इतके हळू सांगितले, की तिच्याजवळ बसूनही मला ऐकू आले नाही. समोर पेढे मीच नेऊन दिले. काकांनी अर्धाच घेतला.