आमच्या साडूंचा लाइनबॅकर

एका अमेरिकन फुटबॉलपटूच्या कारकिर्दीची काळजी वाहणारा मराठी माणूस अख्ख्या अमिरातीत एकच होता, आणि तो माझा साडू होता. हे मी अंदाजाने सांगत नाही. ओळखीतल्या एकशे चौदा मराठी घरांत मी चौकशी केली आहे. उरलेल्या एकशे तेरा घरांत क्रिकेट होतं.

साडू शारजात अल नहदाला राहत आणि रोज उम्म अल कुवैनला पाइपच्या कारखान्यात मेंटेनन्स बघायला जात. वजन बावन्न किलो. लिफ्टमध्ये चुकून कुणाला कोपर लागलं, तर ते घरी येऊन दोनदा सांगत. अशा माणसाने जीव लावला तो लाइनबॅकरला, म्हणजे आपल्या फळीमागे उभं राहून, चेंडू घेऊन पळणाऱ्याला जमिनीवर आडवं करणाऱ्या गड्याला. कारखान्यातल्या एका अमेरिकन इंजिनियरचा भाऊ त्याला सामन्यांच्या टेप पाठवी, आणि त्याच्या पाहून झाल्या की त्या साडूंकडे येत. त्यांतला चोपन्न नंबरचा खेळाडू साडूंनी आपला मानला. "अहो, चेंडू याच्या हातात कधी येतच नाही," ते मला म्हणाले, "तरी प्रत्येक वेळी आधी हाच धावतो. आमच्या मेंटेनन्ससारखं आहे. मशीन बंद पडलं तरच आमचं नाव निघतं."

टेप हाती येईपर्यंत सामन्याला तीन आठवडे झालेले असत. तोवर निकाल कानावर पडू नये म्हणून मेहुणीने पेपरातलं खेळाचं पान आधीच काढून ठेवायचं, असा नियम होता. फोन उचलला की साडू पहिल्यांदा "निकाल सांगू नका" म्हणत. खालच्या बकाल्यात दही आणायला गेले तरी मलबारी दुकानदाराला तीच ताकीद. तो बिचारा विचारी, "कौन सा रिझल्ट साब? बेटे का?"

शुक्रवारी सकाळी दहाला मी त्यांच्याकडे हजर असे. चेंडू कुठेही जावो, साडूंची नजर पडद्याच्या कोपऱ्यातल्या चोपन्नवर. गुण कुणाला मिळाले, असं विचारलं तर म्हणत, "ते शेवटी लिहून येतं." चोपन्नने किती जणांना पाडलं याची मोजणी माझ्याकडे होती. दोघांनी मिळून एकाला पाडलं, तर मी अर्धा धरी.

"माणूस पूर्ण पडला ना साडूबुवा? मग अर्धा कसा?" साडू मला विचारत.

सहा हंगामांअखेर माझे तीनशे एकाहत्तर झाले, त्यांचे चारशे बारा. मेहुणी म्हणे, "भावोजी, घरातलं काम दोघांना मिळून सांगितलं तर अर्धंही होत नाही, ते कुठे धरता?"

सातव्या हंगामात चोपन्न उठताना डाव्या गुडघ्यावर हात ठेवू लागला. साडूंनी ते माझ्याआधी पाहिलं. "बेअरिंग गेलंय," म्हणाले, आणि त्या दिवशी त्यांचे पोहे तसेच राहिले. हा हंगाम त्याने उभ्याने पार पाडावा, एवढंच त्यांचं मागणं होतं.

पुढच्याच आठवड्यात माझ्या मुलाने इंटरनेटवर शोधलं. "बाबा, ही इज डन. नी सर्जरी. ही वोन्ट प्ले अगेन."

मला खोटं बोलता येत नाही आणि गप्प बसणं त्याहून जमत नाही. शुक्रवारी दारातच म्हणालो, "साडूबुवा, एक बातमी आहे."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. "तो खेळतोय अशा किती टेप यायच्यात अजून?"

"हिशोबाने तीन."

"मग तीन शुक्रवार सांगू नका. तेवढं तरी खेळू दे त्याला."

तिसऱ्या टेपमध्ये तो पडला. दोघांनी त्याला काखेत धरलं आणि कॅमेरा लगेच चेंडूकडे गेला. साडू उठून टीव्हीपाशी गेले आणि पडद्याच्या कडेला वाकून पाहू लागले, जणू काचेच्या पलीकडे अजून थोडं दिसेल.

"उभा राहिला का?"

"दिसलं नाही," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी संघाच्या पत्त्यावर चोपन्नला इंग्रजीत पत्र लिहिलं आणि तपासायला माझ्याकडे आणलं. उत्तर कधी आलं नाही. पत्रात आधी गुडघ्याची चौकशी होती, मग उम्म अल कुवैनच्या उथळ समुद्रात रोज अर्धा तास चालायचा सल्ला, आणि त्यासाठी राहायला यायचं आमंत्रण. शेवटी लिहिलं होतं की, कॅमेरा चेंडूकडे असे तेव्हाही शारजात दोन माणसं तुमच्याकडे बघत होती.

तसं पाहिलं तर मी फक्त मोजत होतो. पण तो दोनचा आकडा मी तसाच राहू दिला.