जिथे लिफ्ट थांबत नाही

पंपांवर संशोधन करणाऱ्या त्या केंद्राचे साहेब म्हणजे मोठा हौशी माणूस. चाकांच्या खुर्चीवरची एक इंजिनिअर मुलगी कामाला येणार म्हटल्यावर घरात लग्न निघावं तशी त्यांची धावपळ सुरू झाली. उतार बांधून घेतला, दारं रुंद केली, चाचणीच्या टेबलाची उंची स्वतः खुर्चीत बसून मापली. येईल त्या पाहुण्याला ते हे सगळं दाखवायचे. हाताखालची मंडळी गालातल्या गालात हसायची, पण मनातून त्यांनाही कौतुक होतं.

आणि वर्षाच्या आत त्या मुलीने बदली मागितली.

"अगं, काय कमी पडलं?" साहेबांचा चेहरा पडला.

"पंपाच्या पात्याची जाडी बदलली, सर. मी मात्र जुन्याच जाडीचं गणित करत बसले होते. कोणी सांगितलंच नाही."

"बैठकीत ठरलं असेल की."

"बैठकीत मी होते. तिथे काहीच ठरत नाही. ठरतं ते जिन्यात."

दोन मजल्यांच्या मधे खिडकीपाशी ऐसपैस जागा होती. बैठक उरकली की सगळे चहाचे कप घेऊन तिथे जमत आणि खरी चर्चा तिथेच रंगे. लिफ्ट तिथे थांबत नव्हती. ही पद्धत पाडली होती खुद्द साहेबांनी.

रात्री जेवताना त्यांनी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "त्यात नवल काय? घरीही तुम्ही सगळं ठरवून मोकळे होता, मग मला विचारता, कसं वाटलं म्हणून." साहेबांना वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर रागही आला. एवढं करून वर हेच ऐकायचं!

तरी दुसऱ्या दिवसापासून चहा चाचणीच्या टेबलापाशी आला. जिन्यात कामाचं बोलायचं नाही, असं त्यांनी बजावलं. सुरुवातीला सगळे सांत्वनाला आल्यासारखे कप फुंकत बसायचे. मग एकदा साहेबांनीच पातं आणखी पातळ करायचा विचार मांडला. नेहमीप्रमाणे माना डोलल्या.

"नाही, सर. तडकेल," ती म्हणाली.

साहेबांचे कान तापले. "कशावरून?"

तिने खुर्ची फळ्याकडे वळवली आणि आकडे मांडायला लागली. इतक्यात कोपऱ्यातला जुना सहकारी पुटपुटला, "मलाही पहिल्यापासून तसंच वाटतंय."

"मग इतके दिवस तोंडात मिठाची गुळणी धरली होतीस?"

"जिन्यात तुम्ही वरच्या पायरीवर उभे असायचात, सर."

सगळे खो खो हसले. साहेबही हसले, जरा उशिराच. मग जो वाद पेटला, त्यात कोणी कोणाला दाद देईना. त्यातच संधी साधून साहेब तिच्या खुर्चीजवळ आले आणि हळूच म्हणाले, "ते बदलीचं..."

"उद्या बोलू, सर," फळ्यावरची नजर न काढता ती म्हणाली. "आधी हे भांडण संपवू."