नळीतला घरचा कापूस

प्रकाशा गावच्या बन्सीलालला नंदुरबारच्या तेलगिरणीत तपासनिसाची नोकरी लागली आणि त्याच्या आईने, तापीबाईने, गावभर मिरवून घेतलं. काम होतं शेंगदाण्याच्या ढेपेतलं, म्हणजे तेल काढून उरलेल्या पेंडीतलं, बुरशीचं विष शोधण्याचं. काचेच्या नळीत खाली कापसाचा बोळा, वर पांढरी भुकटी. त्यातून ढेपेचा अर्क झिरपू द्यायचा आणि अंधाऱ्या खोलीत जांभळ्या दिव्याखाली नळी धरायची. विष असलं तर बोळ्याच्या जरा वर निळं कडं चमकायचं.

बोळा विकतच्या कापसाचा, हे ऐकून तापीबाईचं डोकंच फिरलं. "आपला घरना कापूस शे, विकतना कसाले?" तापीकाठच्या माणसाने कापूस विकत घ्यायचा म्हणजे अब्रूच गेली की! तिने हाताने सरकी काढून गाठोडं पाठवलं. आईचं मन कोण मोडणार? बन्सीलाल तोच वापरू लागला. नळीच्या तळाशी आता नेहमीच पिवळट उजेड दिसे. दिव्याचाच असेल, असं म्हणून हा शहाणा मोकळा झाला.

१९६८च्या उन्हाळ्यात त्याने एक ढेप निर्धोक ठरवली. ती प्रकाशाला पोचली. "मन्हा पोऱ्यानी तपासेल शे," म्हणत तापीबाईने ती म्हशीच्या पारडीला रोज भिजवून घातली. पारडी खंगत गेली आणि एका सकाळी गोठ्यात मरून पडलेली दिसली.

बन्सीलाल हादरला. तीच ढेप पुन्हा तपासली, पुन्हा काही नाही. शेवटी वैतागून त्याने अर्क न घालताच नळी दिव्याखाली धरली. पिवळा उजेड होताच. बोळा उपसून पाहिला तर कापूसच चमकत होता. शेतात बोंडांनाही बुरशी लागली होती, आणि तिच्या उजेडात फिकं निळं कडं बुडून जात होतं. त्याने विकतचा, धुतलेला कापूस घातला. तळ काळाकुट्ट झाला आणि त्या काळोखात निळं कडं स्पष्ट उमटलं. बन्सीलालला रडू कोसळलं. गिरणीतली ढेप त्याने तेव्हाच थांबवायला लावली. गावोगाव गेलेली मात्र ढोरांच्या पोटात गेली होती.

आईला खरं सांगायचं ठरवून तो घरी आला. तापीबाई ओसरीवर कापूस निवडत बसली होती. रडून डोळे सुजले होते. त्याला पाहताच तिने नव्याने निवडलेल्या कापसाचं गाठोडं पुढे सरकवलं.

"हाऊ आखो नीट निवडेल शे. चांगलं तपास रे भाऊ. दुसरानं ढोर मराले नको."

"हो माय," एवढंच तो म्हणाला. तो कापूस पुढे त्याच्या उशीत भरला गेला, आणि त्या उशीवर त्याला कधी धड झोप लागली नाही.