माईआत्याचा अ‍ॅम्प्लिफायर

गाणं लावून माईआत्यानं कधी भाजी निवडली नाही. रेकॉर्ड फिरत असली की ती खुर्चीत डोळे मिटून बसे, आणि त्या वेळी कोणी आलं तर त्यानं दारातच थांबायचं. गिरगावातल्या त्या चाळीत हे दूधवाल्यालाही ठाऊक होतं. "ऐकायचं असेल तर बसा, बोलायचं असेल तर नंतर या," असं ती इतक्या शांतपणे सांगे, की माणूस निमूट बसायचाच. तिनं लग्न केलं नाही, विम्याच्या कचेरीत नोकरी केली, आणि गेल्या वर्षी गेली. मला मात्र ती आठवते ती ऑपरेशनच्या आधीच्या दिवसांतली.

त्या वर्षी गणपती झाले आणि तिचा जुना अ‍ॅम्प्लिफायर जळला. त्याच सुमारास तिच्या डाव्या कानाच्या नसेवर गाठ निघाली. गाठ कॅन्सरची नव्हती, पण वाढत होती. काढली तर त्या कानाचं ऐकणं जाणार, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. दिवाळीनंतरची तारीख ठरली. आता अ‍ॅम्प्लिफायरचा विषय आपोआप मागे पडेल असं आम्हाला वाटलं होतं. तिनं मला फोन करून सांगितलं, जुन्या रेडिओत असायचे तसल्या काचेच्या व्हॉल्व्हचा घ्यायचाय, दादरच्या दुकानात सोबत चल. तरुणपणी कचेरीतल्या एका साहेबांच्या घरी तिनं तसा ऐकला होता, आणि गाणारी बाई समोर येऊन बसल्यासारखं तिला वाटलं होतं. तेव्हापासून मनात होतं म्हणे.

बाबा तिचे धाकटे भाऊ. ते भडकले.

"माई, अगं एकच कान उरणार तुझा. स्टिरिओ कुणासाठी घेतेस?"

"आज दोन आहेत ना," ती म्हणाली.

त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलेनासे झाले. निरोप माझ्यामार्फत.

दुकानात आत्या कुठलाच पसंत करेना. प्रत्येकाला तिचं एकच म्हणणं, गुणगुणतोय. दुकानदार सोशिक होता. त्यानं तारा बदलल्या, व्हॉल्व्ह बदलले, शेवटी दोन अ‍ॅम्प्लिफायर तिच्या घरी पाठवले. एक मोठा, दोघांनी मिळून जिन्यावरून चढवावा लागला असा. दुसरा अगदी कमी वॅटचा. तिचे जुने लाकडी स्पीकर थोड्या ताकदीतही मोकळे बोलत, त्यामुळे लहानसुद्धा चालेल, पण निर्धास्त राहायचं तर मोठा घ्या, असा त्याचा सल्ला होता.

आणि त्याच आठवड्यात चक्कर येऊन आत्या जिन्यात पडली. हाडं शाबूत राहिली, पण डॉक्टर म्हणाले, आता थांबायचं नाही, सोमवारी दाखल व्हा.

शनिवारी संध्याकाळी मी गेले तेव्हा ती दोन्ही अ‍ॅम्प्लिफायरसमोर ताठ बसली होती. मोठा चालू होता, व्हॉल्व्ह तांबूस पेटलेले, रेकॉर्ड अजून लावलेली नव्हती.

"मंजू, खरं सांग. तुला ऐकू येतेय ती गुणगुण?"

मी तिच्या खुर्चीत बसून पाहिलं, मग स्पीकरला कान लावला. काहीच नव्हतं. होय म्हणावंसं फार वाटलं. पण ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"नाही, आत्या."

तिनं मला बटण बंद करायला सांगितलं. व्हॉल्व्ह हळूहळू विझले. खाली कोणीतरी स्कूटर चालू केली, ती लांब गेली. आत्यानं डाव्या कानावर तळहात दाबून धरला.

"अजून आहे," ती म्हणाली. मग हात खाली घेऊन, "बिचारा दुकानदार."

मला रडू आवरेना. तिनं मला पाणी प्यायला लावलं आणि म्हणाली, "लाव परत. काय सोडून ऐकायचं ते आता कळलं मला."

एकच रेकॉर्ड आम्ही दोन्हींवर ऐकली. डावी-उजवीकडे एकेक तानपुरा आणि मध्ये गाणारी. मोठ्यावर खोली भरून गेली. लहानावर स्वर लागायच्या आधीचा श्वास ऐकू आला. आत्यानं लहानावर हात ठेवला.

"मोठा गाणं सजवून दाखवतो. हा मध्येच येत नाही."

ऑपरेशन नीट झालं. चेहऱ्याची डावी बाजू काही दिवस लुळी राहिली, हसू तिरपं झालं. घरी आल्यावर थोडी सावरली, तशी तिनं तीच रेकॉर्ड मागितली. बाबा मला सोडायला आले होते. पण परत न जाता दारातच उभे राहिले. आवाज सुरू झाला आणि मी तिच्या तोंडाकडे बघायचं टाळलं.

"तानपुरे, गाणारी, सगळे एकाच दारातून आत येतायत," ती म्हणाली. "येऊ देत. आले तर आहेत."

तिनं डोळे मिटले. बाबा पुढे आले, तिच्या डाव्या बाजूला वाकले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "माई, चुकलं माझं." तिच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. बाबांच्या ते लक्षात यायला क्षणभर लागला. मग ते खुर्चीला वळसा घालून उजवीकडे गेले, पण पुन्हा बोलायचं त्यांना धाडस होईना. नुसते उभे राहिले.

आत्यानं डोळे न उघडताच पायानं स्टूल त्यांच्याकडे सरकवलं.