किड्याला आजोबांचं नाव

माझा किडा नवा आहे, ही बातमी घरी मीच दिली होती. फोनवर मम्मीला म्हणाले होते, "बहुतेक नवी प्रजाती आहे, अजून तपासायचंय." दिवाळीला गावी, दिंद्रुडला पोचले तेव्हा त्यातलं 'बहुतेक' वाटेत कुठंतरी गळून पडलं होतं.

मी किनाऱ्यावरच्या एका संस्थेत खोल समुद्रातल्या किड्यांवर पीएचडी करते. हा किडा बोटाच्या पेराएवढा. अंगाच्या दोन्ही बाजूंना पायांच्या रांगा आणि प्रत्येक पायावर राठ केसांचा झुपका. या केसांच्या टोकांवरून प्रजाती ओळखता येते. अगदी असाच एक किडा फार पूर्वी कुणीतरी नोंदवलेला आहे, पण त्याच्या केसांचं टोक दुभंगलेलं असतं. माझ्याकडच्या किड्याचं साधं, सुईसारखं होतं. म्हणून नवा.

दुसऱ्या दिवशी सकाळीच काका आले. हे पप्पांचे थोरले चुलतभाऊ. बाजार समितीवर होते, अजूनही गावात त्यांच्याशिवाय पान हलत नाही. त्यांच्या वडिलांचं, म्हणजे माझ्या चुलत आजोबांचं, अण्णांचं नाव एसटीच्या निवाऱ्यावर आहे, वाचनालयावर आहे, शाळेच्या पाण्याच्या टाकीवरही आहे.

"काय मेमसाब, किड्याला नाव कोण ठेवतंय?"

"ज्यांनी शोधला ते, काका."

"म्हंजी तू."

"मी आणि आमचे सर."

"मंग झालं की! आमच्या अण्णांचं ठेव."

पप्पा हसतील असं मला वाटलं. ते गंभीरपणे म्हणाले, "दादा, ते नाव लॅटिनमधी असतंय. बसंल का?"

"बसवू की. पोरगी आपली हाय."

पाडव्याला माझा सत्कार ठरला. फ्लेक्सचा मजकूर काकांनी मोबाइलवर वाचून दाखवला: समुद्राच्या तळातून गावाचं नाव वर आणणारी आपली लेक. खाली अण्णांचा फेट्यातला फोटो. किड्याला फ्लेक्सवर जागा नव्हती.

काका गेल्यावर मम्मी स्वयंपाकघरातून बाहेर आली. "किड्याला कुणी मामंजींचं नाव देतंय व्हय? तुझे पप्पा दुकानात अळ्या मारायची औषधं विकत्यात. उद्या लोक म्हणतील, औषध द्या, तुमचे अण्णा लई झालेत रानात."

मी खूप हसले. पण मला कुणालाच पटकन नाही म्हणता येत नाही, काकांना तर मुळीच नाही. एकटी पोरगी समुद्राकाठी कशाला पाठवायची, असं सगळे नातेवाईक म्हणत होते तेव्हा, "जाऊ द्या, शिकू द्या," एवढंच बोलून त्यांनी विषय संपवला होता. परळीला गाडीत बसवून द्यायलाही तेच आले होते. अशा माणसाला काय सांगायचं? की सर हसतील? की मला लाज वाटते?

दुपारी सरांचा मेसेज आला: वर्णन लिहायला घेण्याआधी टोकं झिजलेली नाहीत ना, एकदा बघ.

नमुने तिकडे कपाटात होते, पण मायक्रोस्कोपचे फोटो लॅपटॉपवर होते. मी दार लोटून बसले. बाहेर आलेले सगळे केस नेहमीसारखेच साधे दिसत होते. मग एका पायाचा फोटो मोठा केला. त्यात मांस काचेसारखं पारदर्शक दिसतं. आत, अजून बाहेर न आलेला एक केस होता. कशालाच न घासलेला, कोरा. त्याचं टोक दुभंगलेलं होतं.

दुसरा पाय पाहिला, तिसरा पाहिला. आतले केस सगळीकडे तसेच. किडा जुनाच होता. खडकांवरून चालून चालून त्याच्या केसांची टोकं झिजली होती.

वाईट वाटायला हवं होतं. पहिला पेपर हातचा गेला होता. थोडं वाटलंही. पण त्याच्या आधी माझे खांदे खाली आले, आणि मग कळलं की सकाळपासून ते वर ओढलेलेच होते. आमच्या शास्त्रात चुकून दिलेलं नावही पुसलं जात नाही. खऱ्या नावाच्या खाली ते कायमचं पडून राहतं, चूक म्हणून. अण्णा तिथं पडून राहिले असते.

सरांना फोन केला. ते म्हणाले, "छापायच्या आधी दिसलं, सुटलो." मी तशीच पप्पांच्या दुकानात गेले. काका तिथंच खुर्चीवर होते.

"काका, किडा नवा नाहीये. त्याला आधीच नाव आहे."

"कुणी ठेवलं?"

"फार जुनं आहे. परदेशातल्या कुणीतरी."

"बदलता न्हाई येत?"

"नाही."

"अर्ज बी न्हाई करता येत?"

"नाही, काका."

मी ओढणीचं टोक मुठीत धरून उभी होते. मग काका पप्पांना म्हणाले, "त्या फ्लेक्सवाल्याला फोन लाव. थांब म्हणावं." आणि माझ्याकडे वळून, "तुझं काई नुकसान न्हाई ना झालं?"

"नाही. उलट वाचले."

"मंग बस. दिसतोय कसा ते तरी दाखव."

हे आजवर घरात कुणीच विचारलं नव्हतं. मी घरून लॅपटॉप आणला, बियाण्यांच्या पिशव्यांवर ठेवला. काकांनी चष्मा लावला, वाकून पाहिलं.

"ही तर गोम हाय."

"गोम नाही, काका," मी म्हणाले, आणि पहिल्या पायापासून सांगायला सुरुवात केली.