नवव्या प्रकरणातलं अनेकवचन

जर्मनीतल्या गेर्लिंगेनच्या वाचनालयात पंधरा दिवसांतून एकदा, गुरुवारी संध्याकाळी सहाला, सात माणसं एका गोल टेबलाभोवती बसून एकच कादंबरी वाचतात. सातांपैकी सहा जर्मन. सातवी शोभना कुंटे, वय त्रेपन्न, मूळची मिरजेची. जवळच्याच एका कंपनीत ती यंत्रांची रेखाचित्रं तपासते. चित्रात बोल्ट चार आणि यादीत पाच असले, की कागद तिच्या टेबलावरून पुढे सरकत नाही.

मंडळाचा नियम साधा आहे. प्रत्येकाने एकेक प्रकरण घ्यायचं, त्यातलं पानभर मोठ्याने वाचायचं आणि काय कळलं ते सांगायचं. यंदाची कादंबरी मात्र साधी नव्हती. धरणाखाली जाणाऱ्या एका गावाची गोष्ट, चारशे दहा पानांची. नववं प्रकरण अकरा पानांचं आणि त्यात एकही पूर्णविराम नाही. एक विधवा बाई घरातला शेवटचा दिवस घालवते, एवढंच त्यात घडतं. एक शब्द मात्र सतरा वेळा येतो: श्टाऊबेकन, म्हणजे धरणाचा जलाशय. तोही दर वेळी अनेकवचनात. गावाच्या खोऱ्यात धरण एकच, मग जलाशय अनेक कसे? निवृत्त सर्व्हेअर हेर (म्हणजे श्रीयुत) लाइबोल्ड यांचं म्हणणं असं, की प्रत्येक गावकऱ्याच्या आठवणीतला जलाशय वेगळा. बाकीच्यांनी माना डोलावल्या होत्या.

नववं प्रकरण शोभनाकडे आलं, तेव्हा तिने प्रकरणाची लय कळावी म्हणून पहिल्या चार ओळी वाचून दाखवल्या आणि त्या शब्दाला ‘श्टाऊप-एकन’ म्हणाली.

“श्टाऊ-बेकन,” मंडळ चालवणाऱ्या फ्राऊ फोग्ट हळूच म्हणाल्या. तीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बाई त्या.

“धुळीचे कोपरे!” हेर लाइबोल्ड हसले. “बाईंनी धरणात धूळ भरली.” ‘श्टाऊप’ म्हणजे धूळ आणि ‘एकन’ म्हणजे कोपरे.

सगळेच हसले. शोभनाही थोडी हसली. निघताना फ्राऊ फोग्टनी तिला बाजूला घेतलं. “प्रकरण अवघड आहे, फ्राऊ कुंटे. भाषेचे खेळ आहेत त्यात. हवं तर मी घेते. मंगळवारपर्यंत कळवा.”

त्यांच्या बोलण्यात खोच नव्हती. पण आज हे प्रकरण सोडलं, तर पुढे आपल्याकडे सोपीच प्रकरणं येणार, आणि तीही सांभाळून दिलेली, हे शोभनाला स्वच्छ कळलं. चार वर्षं त्या टेबलाशी बसून तिला पाहुणी व्हायचं नव्हतं.

घरी येऊन तिने पुस्तक उघडलं. समासात पेन्सिलीने देवनागरी अक्षरं होती. सत्तावीस वर्षांपूर्वी जर्मनीत आल्यावर लागलेली ही सवय. नवा जोडशब्द दिसला, की उच्चार बाजूला मराठीत लिहायचा. रोमन अक्षरं शब्द कुठे तुटतो ते सांगत नाहीत. देवनागरीत ते ठरवल्याशिवाय लिहिताच येत नाही, कारण जोडशब्दातल्या एखाद्या भागाच्या शेवटी आलेल्या ‘ब’चा जर्मनमध्ये ‘प’ होतो. ‘बे’ लिहिलं तर पाणी, ‘प-ए’ लिहिलं तर धूळ. समासात नऊदा पाणी होतं आणि आठदा धूळ.

तिने मुलीला हाक मारली. ईप्सिता इथेच वाढलेली. मराठी सगळं समजतं, उत्तर जर्मनमध्ये येतं.

“हा शब्द वाच गं.”

“श्टाऊबेकन. नाटुअर्लिश.” म्हणजे, अर्थातच.

“दुसरं काही दिसतं?”

“नाइन, ममा. काय दिसणार?” शेवटचे दोन शब्द ती चक्क मराठीत म्हणाली. मग पुन्हा बघून थांबली. “ओ.”

तिचा नवरा हरीश सोफ्यावरून म्हणाला, “मी तीन पानं वाचली. मला नाही बुवा हे पुस्तक वाचवत.”

“अहो, वाचवायला ते काय लाइफगार्ड आहे?” शोभना म्हणाली आणि स्वतःच्याच वाक्याशी अडखळली. शाळेत व्याकरणाच्या बाईंनी सभंग श्लेष शिकवला होता: शब्द एकसंध ठेवला की एक अर्थ, तोडला की दुसरा. नवऱ्याच्या वाक्यात नुसताच श्लेष होता. पुस्तकातला शब्द सभंग होता.

पण नुसतं वाटून भागणार नव्हतं. शनिवारी तिने ऑफिसात करते तसा तक्ता केला. सतरा जागा, प्रत्येकीचं क्रियापद. भरतात, वाढतात, रिकामे करावे लागतात, कुणी बघत नाही तेव्हा पसरतात. सगळी क्रियापदं पाण्यालाही चालत होती आणि धुळीलाही. मग तिने आधीची आठही प्रकरणं चाळली. तिथे जलाशय बावीस वेळा आला होता, आणि दर वेळी एकवचनात.

मंगळवारी तिने एका ओळीचा निरोप पाठवला: प्रकरण माझ्याकडेच राहील.

पुढच्या बैठकीच्या गुरुवारी तिने तक्त्याच्या सात प्रती वाटल्या. “धरण एक आहे. जलाशय अनेक असू शकत नाहीत,” ती म्हणाली. “पण घराला कोपरे अनेक असतात. ही बाई शेवटच्या दिवशी घर झाडते आहे. एकवचनात दोन्ही शब्दांची लिंगं वेगळी, शेवटही वेगळे, तिथे खेळ उघडा पडतो. अनेकवचनात दोन्ही अक्षरशः सारखे. म्हणून लेखिकेने या प्रकरणात एकवचन टाळलंय.”

“किंवा ती चूक असेल,” हेर लाइबोल्ड म्हणाले.

“एकदा झाली तर चूक. सतरा वेळा तशीच झाली तर ते डिझाइन असतं.”

“एकवचन एकदाही नाही?”

“शोधा.”

दहा मिनिटं फक्त पानांचा आवाज होता. कुणाला सापडलं नाही. हेर लाइबोल्डनी चष्मा काढला. “म्हणजे माझ्या आठवणींच्या जलाशयांचं...”

“तुमच्या घराला कोपरे असतीलच ना,” कुणीतरी म्हणालं, आणि या वेळी हसू त्यांच्यावर होतं. तेही हसले.

“पण मग हे मोठ्याने वाचायचं कसं?” फ्राऊ फोग्टनी विचारलं. “तोंडाला एकच निवडावा लागेल.”

“हो. डोळ्यांना लागत नाही. हे प्रकरण मुकाट्याने वाचण्यासाठी लिहिलंय.”

फ्राऊ फोग्टनी तक्त्याच्या कडेला काहीतरी टिपून घेतलं. मग यादी काढली. “दहावं माझ्याकडे आहे. त्यात उलट्या वाचायच्या ओळी आहेत. फ्राऊ कुंटे, तुम्हीच घेता का तेही?”

“नको,” शोभना म्हणाली. “ते तुम्ही घ्या. शंका मी विचारीन.”